एकदाच लाजण्याची योजना

तीन विषयांचे तीन कागद त्याने जेवणाच्या टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. दारात तीन अनोळखी पाहुणे एकदम येऊन उभे राहावेत तसा त्याचा चेहरा झाला होता. समोर ताई आपल्या गणवेशाला बटण शिवत बसली होती. ती हॉस्पिटलात नर्स होती. अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत "जीभ बाहेर काढा" म्हणण्याचे धैर्य तिच्यात उपजत होते, आणि घरातल्या दोघांच्या वाट्याचे बोलणे तिला एकटीलाच मिळाले होते.

"काय रे घुम्या, कोणी वारलंय का?"

"सत्तर माणसं," तो म्हणाला.

"बाप रे! कुठे?"

त्याने कागद तिच्याकडे सरकवले. पहिला व्यवसाय व्यवस्थापनाचा होता : एखादी सेवा सुरू करा आणि किमान तीस ग्राहकांचे अभिप्राय मिळवा. दुसरा क्रीडा व्यवस्थापनाचा : किमान वीस स्पर्धकांची स्पर्धा भरवा, वेळ नोंदवा, विजेता जाहीर करा. तिसरा जीवशास्त्राचा : किमान वीस वेगवेगळ्या व्यक्तींची नाडी श्रमापूर्वी आणि श्रमानंतर मोजा. तीस, वीस आणि वीस. पंधरा दिवसांत सत्तर माणसांशी बोलायचे होते.

"तीन वर्षांत सगळी मिळून सत्तर वाक्यं तरी बोललायस का तू?" ताईने दोरा दाताने तोडला. "पण असले तीन विषय घेतलेस कशाला मुळात? धंदा, खेळ आणि बेडूक!"

घेतले नव्हते, मिळाले होते. प्रवेशाच्या दिवशी खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारले होते, "एवढेच उरलेत. चालेल ना?" मागे रांग होती. रांगेतली माणसे उसासे टाकत होती. त्याने मान हलवली. आयुष्यातले पुष्कळसे निर्णय त्याने असेच, मागच्या माणसाला उशीर होऊ नये म्हणून, घेतलेले होते.

आता हे शेवटचे वर्ष होते. प्रकल्प राहिला तर वर्ष राहणार, आणि वर्ष राहिले तर नव्या वर्गात पहिल्या दिवशी पुन्हा उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी लागणार. पहिल्या खेपेला त्या तासाला तो स्वतःचे आडनाव विसरला होता. मागच्या बाकावरच्या कोणीतरी ते सांगितले, आणि ते चुकीचे होते. वर्षभर तो हजेरीला त्याच आडनावाने ओ देत राहिला. त्या तासाची आठवण अजूनही संध्याकाळच्या सावलीसारखी त्याच्या पायांशी लांबत असे.

दोन दिवसांनी बिल्डिंगच्या तळमजल्यावर सेक्रेटरीकाकांनी सूचना लावली : येत्या रविवारी सकाळी आठ ते बारा लिफ्ट वार्षिक देखभालीसाठी बंद राहील. तो त्या सूचनेपुढे उभा राहिला, आणि त्याच्या मनात कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उजळले. आठ मजले. रविवार. वर जायला जिन्याशिवाय दुसरा मार्ग नाही. माणसांना बोलवावे लागणार नव्हते, पटवावे लागणार नव्हते. ती आपल्या पायांनी चढणार होती. चढणे म्हणजे श्रम. श्रम म्हणजे नाडी. वेळ लावली की तीच स्पर्धा. वाटेत खुर्ची आणि पाणी ठेवले की तीच सेवा.

तीन वेळा लाजण्याऐवजी एकदाच लाजायचे.

लिफ्टची देखभाल करणारे मेकॅनिक त्याचे बाबाच होते. बाबा त्याच्याहूनही कमी बोलत. ही घरातली एकमेव वारसाहक्काची गोष्ट होती.

"बाबा, रविवारी लिफ्ट नक्की बंद ना?"

"हो."

"बारापर्यंत?"

"काम होईपर्यंत."

या दोन उत्तरांत फरक आहे, हे त्याच्या ध्यानात यायला हवे होते.

ध्यानात होता तो फक्त कॉलेजचा नियम : 'एकच अहवाल दोन विषयांना सादर करणाऱ्या विद्यार्थ्याचे सर्व विषयांतील गुण रद्द करण्यात येतील.' हे वाक्य त्याने चौदा वेळा वाचले. मग त्याने तीन वह्या केल्या. लाल वहीत फक्त नाड्या, निळीत फक्त वेळा आणि नियम, हिरवीत फक्त ग्राहक. एका वहीतला एकही आकडा दुसरीत जाणार नव्हता. तरीही तिघे परीक्षक एकमेकांसमोर न आले तर बरे, असे त्याला वाटले. तिघेही काम पाहायला येणार होते. त्याने जीवशास्त्राच्या मॅडमना नऊची वेळ कळवली, व्यवसायाच्या सरांना दहाची, क्रीडेच्या सरांना अकराची.

रविवारी आठ वाजता लिफ्टच्या जाळीच्या दारावर पाटी लागली आणि योजना घड्याळासारखी सुरू झाली. तळमजल्यावर ताई नाडी मोजून हातात क्रमांकाची चिठ्ठी द्यायची आणि जिन्याच्या पोकळीतून वर ओरडायची, "सोडलाऽऽ!" चौथ्या मजल्यावर खुर्ची, पाण्याचा जग, पेले आणि 'विसावा' अशी पाटी होती, शेजारी अभिप्रायाचे फॉर्म आणि ते टाकायला बुटांचे खोके. आठव्यावर तो स्वतः घड्याळ घेऊन बसला होता. त्याच्यापुढे एका पुठ्ठ्यावर लिहिले होते : 'कृपया मनगट द्यावे.' एकही शब्द न बोलता माणसांचा हात हातात घेता येतो, ही गोष्ट त्याला त्या सकाळी फार सुंदर वाटली. कोणाचे मनगट कणकेने माखलेले, कोणाचे घड्याळाच्या पट्ट्याने गोरे राहिलेले. आणि प्रत्येकाच्या आत काहीतरी धावत होते.

सगळ्यात जोरात धावले ते आठव्या मजल्यावरच्या काकूंचे. त्या पेपर आणायला खाली गेल्या होत्या. चिठ्ठी हातात घेतली आणि त्यांना आठवले, गॅसवर दूध आहे. एक मिनिट बावन्न सेकंदांत त्या आठ मजले चढून त्याच्या अंगावरून घरात गेल्या. तो मागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि पुठ्ठा पुढे धरला.

"अरे, आधी दूध!" काकू ओरडल्या.

त्याने डाव्या हाताने गॅस बंद केला आणि उजव्या हाताने नाडी पकडली. एकशे चौसष्ट. लाल वहीत त्याने प्रामाणिकपणे टीप लिहिली : 'श्रम आणि दूध, दोन्हींचा परिणाम.'

दुसऱ्या मजल्यावर राहणारे सेक्रेटरीकाका विनाकारण आठव्यापर्यंत आले. त्यांना तीन मिनिटे चाळीस सेकंद लागली. काकूंची वेळ पाहून ते खवळले.

"हे बघ, त्यांना दुधाचा फायदा मिळालाय. मी पुन्हा चढतो!"

त्याने नियमाच्या पाटीकडे बोट दाखवले : प्रत्येक स्पर्धक एकदाच.

साडेनऊपर्यंत मॅडम आल्या नव्हत्या. पण त्याला त्याचे वाईट वाटले नाही. पावणेदहाला लाल आणि निळ्या वहीत एकोणीस माणसे झाली होती. खोक्यात सत्तावीस फॉर्म होते, कारण चौथ्यापर्यंत येऊन बसलेल्या आठ जणांनी तिथेच आयुष्याचा फेरविचार करून पुढे चढणे रद्द केले होते. आता एक स्पर्धक हवा होता आणि तीन फॉर्म. हातात सव्वादोन तास होते. त्याने भिंतीला डोके टेकले.

गच्चीचा दरवाजा उघडला आणि बाबा कापडाला हात पुसत जिना उतरून आले.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"लिफ्ट."

"पण बारापर्यंत होतं ना?"

"ब्रेक चांगले निघाले."

खालून जाळीचे दार सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी आनंदाने म्हणाले, "अरे वा, चालू झाली!" त्या एका वाक्याने त्याची स्पर्धा, त्याचा प्रयोग आणि त्याचा व्यवसाय, तिन्ही एकदम बुडाले. चालू लिफ्ट असताना आठ मजले पायी चढेल असा माणूस त्या बिल्डिंगमध्ये एकच होता, आणि तो चढून झाला होता.

"मी चढतो की!" सेक्रेटरीकाका म्हणाले. "माझी नाडी आता वेगळी आहे."

"काका, माणूस वेगळा लागतो."

मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा बाबांकडे काही मागितले.

"बाबा, एकच माणूस कमी पडतोय. पंधरा मिनिटं बंद ठेवता?"

"चालू लिफ्ट?"

"हो."

"मुद्दाम?"

बाबांनी स्वच्छ झालेले हात पुन्हा एकदा पुसले. ते रागावले नव्हते. राग आला असता तर बरे वाटले असते.

"तीस वर्षांत नाही केलं तसं," ते म्हणाले आणि हत्यारे आवरायला वर मशीनरूममध्ये निघून गेले. त्यांच्या काखेत त्यांचे काळ्या पुठ्ठ्याचे रजिस्टर होते. तीस वर्षांत जी लिफ्ट जितकी मिनिटे थांबली ती सारी मिनिटे, आणि पुढच्या रकान्यात त्यांचे कारण, त्यात नोंदलेले होते. तार झिजली. दारात खडा अडकला. वीज गेली. बाबांच्या अक्षरात कारण नसलेले एकही मिनिट नव्हते.

दहा वाजले.

वेळा ठरवताना त्याने सगळ्या गोष्टींचा विचार केला होता, फक्त माणसांच्या सवयींचा राहिला होता. जीवशास्त्राच्या मॅडम गुडघेदुखीमुळे सगळीकडे एक तास उशिरा पोचत. क्रीडेचे सर सगळीकडे एक तास आधी पोचत; खेळात उशीर म्हणजे बाद, असे ते पहिल्या तासालाच सांगत. आणि व्यवसायाचे सर ठरल्या मिनिटाला दारात उभे राहत. नऊ, दहा आणि अकराचे तिघे बरोबर दहा वाजता तळमजल्यावर ताईपुढे आले.

"स्पर्धा कुठे आहे?" क्रीडेच्या सरांनी विचारले. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

"वर, आठव्यावर."

"प्रयोग कुठे चाललाय?" मॅडमनी विचारले.

"तोही... आठव्यावरच."

"आणि उद्योग?" व्यवसायाचे सर म्हणाले.

ताईने आयुष्यात पहिल्यांदा बोलताना अडखळून पाहिले. "उद्योग... चौथ्यावर आहे. पण मालक आठव्यावर आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाच कॉलेजात अकरा वर्षे शिकवून ते एकमेकांना फक्त गाडीच्या नंबरावरून ओळखत होते. तीन विभाग तीन इमारतींत होते आणि मधल्या पटांगणात कोणी कोणासाठी थांबत नसे.

"तुमचापण तोच विद्यार्थी?" मॅडम म्हणाल्या.

"तो घुमा? जो कधी बोलत नाही?"

"म्हणजे एकच काम तिघांना दाखवतोय!" व्यवसायाचे सर लाल झाले. "हा तर ग्राहकाची फसवणूक करण्याचा प्रकार झाला!"

"सरळ प्राचार्यांकडे न्यायचं," क्रीडेचे सर म्हणाले. "चला वर!"

"सर, जिन्यानं गेलात तर..." ताईने आशेने सुरुवात केली.

"लिफ्ट आहे ना?" मॅडम म्हणाल्या आणि तिघे आत शिरले.

लिफ्ट हलली, तशी ताईने जिन्याच्या पोकळीत तोंड घालून जी हाक मारली ती आठही मजल्यांना ऐकू गेली : "घुम्याऽऽ! तिघंही येतायत! एकदम! भडकलेत रेऽऽ!"

तो आठव्यावर लिफ्टच्या दारापुढे उभा राहिला. पळून जायला दोनच वाटा होत्या, गच्ची आणि काकूंचे स्वयंपाकघर. खालून वर येणारे आवाज मजल्या-मजल्याला स्पष्ट होत होते. "नियम आहे..." "गुण रद्द..." "मी सही करणार नाही..." दारावरचा आकडा तीन झाला, चार झाला, पाच झाला. त्याने डोळे मिटले आणि आपले खरे आडनाव मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले.

आणि काहीच झाले नाही. आकडा पाचवरच राहिला. केबल एकदा थरथरली आणि शांत झाली.

तो वह्या घेऊन जिना उतरून सहाव्यावर आला. लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध थांबली होती. जाळीतून तिघांची डोकी त्याच्या चपलांच्या पातळीवर दिसत होती. आपण गुरुजनांच्या डोक्याशी पाय ठेवून उभे आहोत हे लक्षात येताच तो ओशाळून खाली बसला. तरीही तो उंचच होता. शेवटी तो लादीवर पालथा पडला, तेव्हा कुठे त्याची हनुवटी मॅडमच्या कपाळाच्या समोर आली.

"नमस्कार," तो म्हणाला.

"हे काय आहे? ही लिफ्ट का थांबली?" व्यवसायाचे सर.

"बाबा वर आहेत, सर. होईल चालू."

"मी बाहेर येतो!" क्रीडेच्या सरांनी जाळी धरली. "एवढ्या फटीतून सहज निघेन मी."

"नाही!" हा आवाज कोणाचा, हे त्याला क्षणभर कळले नाही. तो त्याचाच होता. "मधे थांबलेल्या लिफ्टमधून बाहेर यायचं नाही, सर. आत आहात तोवर धोका नाही. जाळी सोडा."

सरांनी जाळी सोडली. इतक्या वर्षांत त्यांना कोणी सूचना दिली नव्हती. त्यांनी आज्ञाधारकपणे हात मागे बांधले.

मॅडमच्या कपाळावर मात्र घाम होता आणि त्या लिफ्टच्या छताकडे पाहत श्वास मोजल्यासारखा घेत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिले आणि त्याला स्वतःचा पहिला तास आठवला : वर्गातले डोळे, कोरडा घसा, नाहीसे झालेले आडनाव. ही भीती त्याच्या ओळखीची होती. या एका विषयात तो कॉलेजातला सगळ्यात अनुभवी माणूस होता.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "दोन बोटं मनगटावर ठेवा. अंगठ्याखाली. लागली नाडी?"

"लागली."

"मी घड्याळ बघतो. तुम्ही मोठ्यानं मोजा. मीपण मोजतो. एक... दोन... तीन..."

दोघे मोजू लागले. सहाव्या मजल्याच्या रिकाम्या बोळात आकड्यांचा आवाज घुमत राहिला, आणि त्याचा आवाज हळूहळू मोठा होत गेला, कारण त्या अडखळल्या की त्याला पुढचा आकडा सांगावा लागे. पहिल्या मिनिटाला एकशे चोवीस. दोन मिनिटे थांबून पुन्हा मोजले, एकशे दोन. पुढच्या खेपेला अठ्ठ्याऐंशी. मॅडमनी घाम पुसला.

"चार पायऱ्याही न चढता एकशे चोवीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. "हे लिहून घेतलंस का?"

"श्रमात धरता येणार नाही, मॅडम. वेगळी टीप करतो."

त्यांनी व्यवसायाच्या सरांकडे पाहिले. "बरोबर सांगतोय तो."

"पाणी मिळेल का?" व्यवसायाच्या सरांचा घसा सुकला होता. तो चौथ्यावर धावला, तीन पेले आणि तीन फॉर्म घेऊन आला आणि जाळीच्या वरच्या फटीतून एकेक आत सोडला.

"खुर्ची देता येत नाही, सर. माफ करा."

सर पाणी प्याले, त्यांनी फॉर्म पाहिला आणि पेन काढले. 'सेवा वेळेवर मिळाली का?' या प्रश्नापाशी ते थबकले. "परीक्षकच ग्राहक असला तर चालतं का हो?"

"तुम्हीच शिकवता ना, जगातला प्रत्येक जण ग्राहक असतो म्हणून?" क्रीडेचे सर म्हणाले. "माझी भाची आहे तुमच्या वर्गात. घरी हेच ऐकवते."

"तुमची भाची? पहिल्या बाकावरची? अहो, मग कधी बोलला नाहीत ते!"

"बोलायचं कधी? तुम्ही गाडी लावून खाली बघत जाता."

मॅडमनी लाल वही मागितली. मग निळी. मग हिरवी. तीन वह्या तीन हातांत फिरल्या. लिफ्टमध्ये दुसरे करण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिघांनी त्या शेवटपर्यंत वाचल्या. बहुधा कॉलेजच्या इतिहासात असे प्रथमच घडत असावे. 'श्रम आणि दूध' या टिपेपाशी मॅडम हसल्या.

"पण एकाच वेळी तिन्ही का रे केलंस?" व्यवसायाच्या सरांनी विचारले. आवाजातला प्राचार्य आता गेला होता.

पालथे पडून खोटे बोलणे अवघड असते. "सर, नाहीतर तीनदा लोकांशी बोलावं लागलं असतं. वाटलं, एकदाच लाजावं."

क्रीडेच्या सरांनी गळ्यातली शिट्टी दोन बोटांत फिरवली.

"ही मी का घालतो माहितीये?" ते म्हणाले. "शिट्टी वाजवली की बोलावं लागत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मी एक तास उशिरा येते ते गुडघ्यामुळे नाही. उशिरा आलं की सगळ्यांच्या गप्पा संपलेल्या असतात."

व्यवसायाच्या सरांनी फॉर्मवर 'पुन्हा ही सेवा घ्याल का?' यापुढे 'होय' लिहिले, ते जरा जास्तच ठळक लिहिले.

"नियम अहवालाबद्दल आहे," मॅडम अखेर म्हणाल्या. "अहवाल तीन आहेत. जिना एक आहे. जिन्याबद्दल नियमात काही नाही."

"मान्य," दोघे सर म्हणाले.

त्याच्या छातीवरून कोणीतरी लादी उचलून घेतल्यासारखे झाले. तरीही त्याला सांगणे भागच होते. "पण स्पर्धक एकोणीसच झालेत, सर. वीस लागतात."

त्याच वेळी लिफ्ट हलली आणि अलगद वर चढून सहाव्याच्या लादीशी लागली. जाळी उघडून क्रीडेचे सर पहिले बाहेर आले. त्यांनी शिट्टी सरळ केली, बाह्या सारल्या आणि जिन्याने खाली निघाले.

"सर, कुठे?"

"तळमजल्यावर. विसावा माणूस हवाय ना?"

थोड्या वेळाने खालून ताईची आरोळी आली : "सोडलाऽऽ!" क्रीडेचे सर आठव्यावर पोचले तेव्हा सहा मिनिटे दहा सेकंद झाली होती. वीस स्पर्धकांत ते विसावे आले. आगमनाची शिट्टी वाजवण्याचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला, पण आतून नुसती हवा आली. मॅडमनी स्वतः त्यांची नाडी मोजली. एकशे शहात्तर.

"दूध नव्हतं, तरी?" सेक्रेटरीकाका समाधानाने म्हणाले. ते आता शेवटचे राहिले नव्हते.

खोक्यात तिघांचे तीन फॉर्म पडले आणि तिन्ही वह्यांवर तीन सह्या झाल्या. खाली उतरताना तिघे बरोबर होते, आणि जिन्याने होते. गुडघे न दुखणाऱ्या मॅडम सगळ्यांत पुढे होत्या. पाचव्या मजल्यापाशी त्यांच्यातले कोणीतरी हसले, आणि तो आवाज पोकळीतून वर आला.

दुपारी जेवणे झाल्यावर तो टेबलाशी बसून राहिला. सगळे संपले होते, आणि संपल्यानंतरची ती हलकी, रिकामी उदासी त्याच्याभोवती पसरली होती. ती आज त्रास देत नव्हती. समोर बाबा रजिस्टर उघडून लिहीत होते. त्याने उलट्या बाजूने वाचले : दहा चार ते दहा सव्वीस, लिफ्ट बंद. पुढचा रकाना कोरा होता. बाबांचे पेन त्याच्यावर थांबले होते.

"बाबा, काय बिघडलं होतं?"

"काही नाही."

"मग थांबली कशी?"

बाबांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले.

"थांबवली."

तो खुर्चीत पुढे सरकला.

"पोकळीतून सगळं ऐकू येतं वर," बाबा म्हणाले. एवढे सलग ते कधी बोलत नसत. "भांडत येत होते. चालत्या लिफ्टमध्ये माणसं आकड्यांकडे बघतात. थांबली की एकमेकांकडे बघतात. म्हटलं, दोन मिनिटं बघू देत."

"बावीस मिनिटं झाली, बाबा."

"मॅडम घाबरल्या, ते चुकलं माझं. लगेच चालू करायला हात घातला होता." त्यांनी रजिस्टर सरळ केले. "तेवढ्यात तू मोजायला लागलास. आठव्याच्या वरपर्यंत येत होता आवाज. तुझा आवाज एवढा मोठा आहे, हे माहीतच नव्हतं."

दोघेही खाली पाहू लागले. बोलणे पुष्कळ झाले होते, आठवडाभर पुरण्यासारखे. आतल्या खोलीत ताई फोनवर कोणाला तरी सकाळची हकिगत सांगत होती आणि प्रत्येक वेळी काकूंची वेळ दहा सेकंदांनी कमी करत होती.

बाबांनी कोऱ्या रकान्यावर पेन टेकवले आणि तीस वर्षांच्या त्याच ठाशीव अक्षरात कारण लिहिले :

'घरगुती कारणास्तव.'